ताणावरची बाग

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणी नसतं. पडेगावातल्या एका साध्या घराची गच्ची. डाव्या बाजूला पाण्याची काळी टाकी. उजव्या बाजूला दोरीवर एक नऊवारी आणि एक कुर्ता, म्हणजे या घरात दोन बायका राहतात आणि त्यातली एक म्हातारी आहे, एवढं प्रेक्षकांना न सांगता कळावं. मागे दौलताबादचा डोंगर, आमच्या नाटक मंडळीतल्या पेंटरने रंगवला असता तसाच, गरजेपेक्षा थोडा जास्त टोकदार. जानेवारीतली सकाळ. जिन्यावर पावलं वाजतात आणि अडतिशीतली एक बाई वर येते. खांद्यावर शाल, हातात लॅपटॉप. ती कठड्याला टेकून आकाशाकडे बघते. फलाटावर उभं राहून माणूस गाडीच्या दिशेने बघतं ना, तसं.

मी खालच्या अंगणातून विचारायची, "आला का गं तुझा?"

"गेला मावशी. आत्ताच गेला डोक्यावरून."

दिसलेलं काहीच नसायचं. ना ठिपका, ना आवाज. पण त्या वेळी तो बरोबर आपल्यावरून जातो, हे तनुजाला माहीत असायचं, आणि ती त्याला रोजच्या ओळखीच्या माणसासारखी भेटायला जायची. एका उपग्रहासाठी गच्चीवर चढणारी बाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. जत्रांच्या मांडवांतून चाळीस वर्षं मी लोकांच्या आया झाले, सावत्र आया झाले, दोनदा राजमाता झाले. नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण ही वेगळी होती, म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

तनुजा माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली ती एका संस्थेत नोकरी लागल्यावर. मूळची करमाडच्या पुढची. फाट्यावर उतरून आत जावं लागतं असं गाव, घरी शेती, मोसंबीची बाग, विहीर. आई ती कॉलेजात असतानाच गेली. भाऊ नाही, बहीण नाही. लग्न झालं नाही. का झालं नाही हे मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. भाडेकरू आणि घरमालकीण यांच्यात एवढी मर्यादा बरी असते.

तिचं काम काय, हे समजायला मला बरेच दिवस लागले. पहिल्यांदा मला वाटलं, ही मातीचा व्यापार करते. कारण तिच्या पिशवीत झाकणाच्या छोट्या डब्या असायच्या आणि प्रत्येकीत माती. उपग्रह ज्या दिवशी जाणार त्या दिवशी ही आणि तिच्या ऑफिसातला अभय ठरलेल्या शेतांवर जायचे, तिथली माती उकरून डबीत भरायचे. ती माती ओली असताना तोलायची, भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची. जे वजन गेलं ते पाणी. उपग्रहाने वरून सांगितलेलं खरं की खोटं, ते असं खालून ताडून बघायचं.

एकदा ऑफिसातली भट्टी बिघडली. तनुजा खाली आली, दारातच घुटमळली.

"मावशी, तुमच्याकडे जुना तवा आहे का? टाकाऊ असला तरी चालेल."

"कशाला? भाकरी करतेस?"

"माती भाजायचीय."

त्या दिवशी माझ्या गॅसवर चार गावांची माती भाजली गेली. घरभर वास पसरला, ओल्या रानाचा आणि मग कोरड्या रानाचा. मी शेजारी स्टुलावर बसून राहिले. ती उलथण्याने माती हलवत होती, अगदी रवा भाजावा तशी, आणि मला समजावून सांगत होती. एक उपग्रह स्वतः एक लहर खाली सोडतो आणि परत आलेली ऐकतो. माती कोरडी असली तर एक आवाज, ओली असली तर दुसरा. आमच्या मांडवातला तबलजी तबल्यावर बोट टेकवून स्वर ऐकायचा, तसं काहीसं मी मनात धरलं. दुसऱ्या उपग्रहाला नुसता उजेड दिसतो, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेडही दिसतो. झाडाच्या पानात पाणी असलं की पान त्यातला एक उजेड पिऊन टाकतं. पान सुकलं की तोच उजेड परत फेकतं.

"म्हणजे झाडाला तहान लागली, हे त्याला वरून कळतं?"

"आपल्याला पिवळं दिसायच्या आधी कळतं."

अभय आधी समुद्राचं काम करायचा. समुद्र किती खारट आहे हेही म्हणे वरून मोजता येतं. पाणी स्वतःच एक मंद, न दिसणारी चमक सोडतं आणि मीठ वाढलं की ती चमक बदलते. मी म्हटलं, "चव न घेता?" ती हसली. "चव न घेता. मावशी, मी दोन वर्षं रोज समुद्र बघत होते आधीच्या नोकरीत. पाय एकदाच बुडवलेत."

तिने मला माझी गच्चीही दाखवली. लॅपटॉपवर सगळं पडेगाव चौकोनी चौकोनी दिसत होतं, कशिद्याच्या कापडासारखं. एका राखाडी चौकोनावर तिने बोट ठेवलं. "ही तुमची गच्ची. बरोबर एक चौकोन." पुढच्या वेळी तो जाणार होता तेव्हा मी वर जाऊन पदर हलवला. नंतर विचारलं, "दिसले का?" ती म्हणाली, "नाही मावशी, एवढं बारीक नाही दिसत." मला वाईट वाटलं नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचे डोळे दिसत नाहीत, पण तो तिकीट काढून आलेला असतो. आपण त्याच्यासाठीही हात वर करायचाच असतो.

त्या चौकोनांमध्येच तिच्या वडिलांची बाग होती.

वडिलांचं नाव कडूबा. मी तेव्हा त्यांना पाहिलेलं नव्हतं, फक्त तिच्या फोनमधून त्यांचा आवाज ऐकलेला, कारण ते फोनवर बोलायचे ते शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसं. बापलेकीचा एक खेळ होता. दिवाळीला घरी गेली असताना तिने त्यांना फोनवर बाग दाखवली होती आणि म्हणाली होती, "आबा, तुम्ही पाणी दिलं की मला पाचव्या दिवशी कळतं." उपग्रह पाच दिवसांनी फिरून येतो म्हणून पाचव्या दिवशी. कडूबांचा विश्वास बसला नाही. मग ते मुद्दाम न सांगता पाणी सोडायचे आणि हिच्या फोनची वाट बघायचे. ही पाच-सहा दिवसांनी फोन करायची.

"आबा, विहिरीकडच्या तुकड्याला पाणी सोडलं का?"

"कोन म्हनलं?"

"मी म्हणतेय."

"आयला," ते म्हणायचे. "मंग आता चोरून पाणी बी देता यायचं नाय मानसाला."

आणि दोघंही हसायची. मी खाली भाजी निवडत ऐकायची. चांगलं जमलेलं नाटक कसं, रोज तोच संवाद असला तरी रोज हशा येतो.

मोसंबीचं एक शास्त्र असतं. ते मला तिनेच सांगितलं. थंडीत बागेचं पाणी तोडतात. त्याला म्हणतात बाग ताणावर सोडणे. पाण्यावाचून झाडं मलूल होतात, पानं मुरडतात, पिवळी पडतात, काही गळतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, बाग चालली. पण ती तहानच झाडाला फुलायला लावते. संक्रांतीच्या पुढेमागे पहिलं हलकं पाणी सोडतात आणि महिन्याभरात बाग पांढऱ्या फुलांनी भरते. किती ताण द्यायचा हे ज्याचं त्याला कळावं लागतं. कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड नाही. तनुजा दर हिवाळ्यात वडिलांची बाग वरून पिवळी पडताना आणि मग हिरवी होताना बघायची.

मग ते कोरडं वर्ष आलं.

पाऊस रुसला होता. कुठल्या महसुली मंडळात दुष्काळ आहे हे ठरवायचं होतं आणि त्यासाठी मातीतल्या ओलीचे नकाशे मागवले गेले. करमाडकडचा नकाशा तनुजाच्या हाताखालून गेला. उपग्रह गेला त्याच्या आदल्या दिवशी तिकडे भुरभुर पाऊस झाला होता. दोन बोटं माती भिजली होती, खाली सगळं खडखडीत. शेतकरी म्हणतो, ओलीला ओल भेटली पाहिजे. वरच्या पावसाची ओल खाली जाऊन जमिनीच्या पोटातल्या ओलीला मिळाली, तर ती खरी ओल. उपग्रहाला वरची दोन बोटंच दिसतात. तनुजाने ते नकाशाखाली लिहिलं होतं. पण नकाशाचा रंग सगळे बघतात, खालचं कोण वाचतं? तिच्या गावाचा रंग निळा आला. त्यांचं मंडळ दुष्काळातून वगळलं गेलं.

गावात कळायला वेळ लागत नाही. कडूबाच्या पोरीनं गाव ओलं दाखवलं. पारावर म्हणे कडूबांना विचारायचे, "काय कडूबा, भिजले का?" कुणी म्हणायचं, "छत्री घिऊन फिरत जा बाबा, आपलं गाव ओलं हाय." दुधाच्या डेअरीवर, दळणाच्या रांगेत, सगळीकडे तेच.

एका संध्याकाळी फोन आला. मी जिन्याखाली होते. पलीकडचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. तनुजा नुसती "हो आबा, हो आबा" म्हणत होती. नंतर ती खाली आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"आबा म्हणाले, तू आता काही दिवस येऊ नको."

"अगं, लोकांची तोंडं गप होईपर्यंत म्हणत असतील."

"हो," ती म्हणाली. "असंच असेल."

ती गेली नाही. बोलावतील तेव्हा जाऊ, म्हणून थांबली. पहिले काही महिने सणावाराला फोन झाले, तेही तब्येत बरी का, बरी, एवढ्यावर थांबणारे. मग तेही संपले. मी तिला म्हणायची, कर गं तूच एखादा फोन. ती म्हणायची, "त्यांनी येऊ नको म्हटलंय मावशी. त्यांना गावात राहायचंय." 

मला ठाऊक असलेली एकच उपमा देते. रंगमंचावर दोन नट समोरासमोर उभे आहेत. मध्येच शांतता पडते. पहिल्याला वाटतं वाक्य दुसऱ्याचं आहे, दुसऱ्याला वाटतं पहिल्याचं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. अशा वेळी विंगेतला प्रॉम्प्टर हळूच शब्द पुरवतो आणि नाटक पुढे सरकतं. माझे यजमान जन्मभर तेच काम करत होते. पण घरांना विंगा नसतात.

चार वर्षं गेली. तनुजा गच्चीवर जात राहिली. ऑफिसातून आली की जेवण व्हायच्या आधी एकदा बाग बघायची. आता तिला वडिलांची खबर देणारं दुसरं काहीच नव्हतं. बागेला पाणी मिळालं म्हणजे आबा उठले, विहिरीवर गेले, मोटर चालू केली. बाग हिरवी म्हणजे आबा बरे. मी एकदा विचारलं, "आज कसे आहेत?" तर म्हणाली, "आज दिसत नाहीत. ढग आहेत." आणि मग वर गेली. त्या दिवशी तिने दिवाही लावला नाही खोलीत बराच वेळ.

एक गोष्ट मात्र ती अधूनमधून बोलायची. दरवर्षी बागेचा ताण आधीच्या वर्षापेक्षा थोडा उशिरा सुटत होता. शेजारच्या बागा हिरव्या व्हायला लागल्या तरी आबांचे चौकोन पिवळे राहायचे. मग एकदाचे हिरवे व्हायचे. ती म्हणायची, विहिरीचं पाणी कमी झालं असणार. मीही हो म्हणायची. मला काय कळतंय?

या जानेवारीत संक्रांत होऊन गेली. सगळीकडच्या बागा हिरव्या होत आल्या. आबांची झाली नाही. पाच दिवस गेले, आणखी पाच गेले. तनुजा सकाळी वर जायची आणि उतरताना माझ्याकडे न बघता जायची. त्या दिवशी ती उतरली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मावशी, ताण सुटला नाही. झाडं जातील आता."

"विहीर आटली असेल."

"आटली असती तर त्यांनी टँकर मागवला असता. आबा झाडं जाऊ देणार नाहीत." तिने दाराची चौकट धरली. "पाणी सोडायला कुणी नसेल, तरच असं होईल. मला कोण कळवणार आहे?"

मी गॅस बंद केला. ती म्हणाली, "तुम्ही येता का माझ्याबरोबर? एकटी गेले तर फाट्यावरूनच परत येईन."

सिडकोतून जालन्याची बस धरली. तिने खिडकी धरली आणि चिकलठाणा, शेंद्रा, सगळं मागे जाताना ती बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "हे शेत मी ओळखते. वरून." करमाड गेल्यावर तिने माझा हात धरला आणि फाटा येईपर्यंत सोडला नाही.

फाट्यावर चहाच्या टपरीपाशी एक चाळिशीतला माणूस मोटरसायकलवर बसून पेपर चाळत होता. त्याने वर पाहिलं आणि पेपर घडी केला. तो गोकुळ, तनुजाचा चुलतभाऊ.

"कोन, तनूताई?" तो म्हणाला. "वरून बघून बघून कंटाळा आला व्हय?"

"गोकुळदादा, आबा कसे आहेत?"

"कसे म्हंजे?"

"आहेत ना?"

गोकुळने पेपर खिशात घातला. मग त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "हायेत की. चांगले हायेत. मानूस ठनठनीत हाय, डोकं तेवढं फिरलंय. सगळ्या गावानं संक्रांतीला पानी सोडलं. ह्यांचं काय सुटंना. विहीर काठोकाठ भरलीय. मी परवा जाऊन मोटर चालू केली तर काठी घिऊन आले मागं. म्हने, हात लावू नको. आता काहून वाळवायलेत ते त्यांनाच ठावं. झाडं बी वाळवायलेत अन् सोताला बी."

"विहीर भरलीय?" तनुजाने विचारलं.

"म्हनलं ना काठोकाठ."

तिचा चेहरा मी शेजारून बघत होते. आधी जीव भांड्यात पडला. मग भुवया एकत्र आल्या, गणित न जुळल्यासारख्या.

गोकुळने एका रिक्षावाल्याला हाक मारली आणि आम्हाला बागेपर्यंत सोडायला सांगितलं. स्वतः मागून मोटरसायकलवर आला, पण बांधाच्या अलीकडेच थांबला. तेवढं शहाणपण त्याच्यात होतं.

बाग मी पहिल्यांदा पाहिली ती अशी. झाडं उभी, पण खांदे पडलेली. पायाखाली पिवळ्या पानांचा खच, चालताना कुरकुरणारा. बांधाकडच्या ओळीतल्या झाडांना तर पानच उरलं नव्हतं. तनुजाने चालता चालता एका फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं. नव्हतं. ती पुढच्या झाडाकडे गेली, तिथेही खरवडलं.

विहिरीच्या कठड्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, पांढरा सदरा, अंगावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं होतं, पण उठले नाहीत. जवळ गेल्यावर म्हणाले, "आली व्हय?"

"आबा, पाणी का नाही सोडलं?"

"पाचव्या दिशी कळतं, म्हनली व्हतीस."

तनुजाने नखातली साल झटकली.

"किती पाचवे दिस गेले," ते म्हणाले. "म्हनलं, बघती का नाय, बघावं."

मी नटी आहे. रंगमंचावर आपलं वाक्य नसेल तेव्हा कुठे बघायचं हे मला शिकवलं गेलंय. मी विहिरीत बघायला लागले. पाणी खरंच वरपर्यंत होतं, काळं आणि स्थिर. पण कान कुठे न्यायचे?

"फोन करायचा ना आबा."

"काय म्हनू फोनवर? मीच म्हनलो व्हतो येऊ नको."

"म्हणून तर आले नाही मी."

"काही दिस म्हनलो व्हतो, तनू. काही दिस." त्यांनी काठीने जमिनीवरची पानं बाजूला केली. "काही दिस म्हंजे किती अस्तेत? गाव तर दुसऱ्याच साली इसरलं. मी वाट पाह्यलो. मागच्या साली बी पानी थांबवून धरलं. त्याच्या मागच्या साली बी. लोकं हिरवे झाले, मी पिवळाच ठेवला. म्हनलं, पोरगी इचारंल, आबा काहून पानी सोडंनात. मंग वाटलं, तिचं यंत्र मोडलं आसंल. नायतर तिनं बघायचं सोडलं आसंल."

"दिसत होतं आबा," तनुजा म्हणाली. "दर पाचव्या दिवशी दिसत होतं. मला वाटलं विहीर आटली."

"विहीर नाय आटली."

"हो. दिसतंय आता."

ती त्यांच्या शेजारी कठड्यावर बसली. मध्ये हातभर जागा ठेवून. कुणी कुणाला मिठी मारली नाही, कुणी रडलं नाही. आमच्या मंडळीत असा प्रवेश कुणी लिहिला असता तर मालकांनी तो परत पाठवला असता. दोघंही समोरच्या झाडांकडे बघत होती.

मग कडूबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्या कोन?"

"माझ्या घरमालकीण. मावशी."

"बसा ना बाई. उभ्या काहून? नाटकात काम करत व्हत्या म्हने तुम्ही. तनू सांगायची."

"करत होते."

"आमच्याकडल्या जत्रंत यायची नाटकं. मी लई पाह्यलो. रडवायचे." त्यांनी थोडा विचार केला. "आता कोनी रडवंना."

तनुजा उठली. "ती बांधाकडची ओळ गेलीय आबा. आईने लावलेली."

"म्हाईतंय."

"तिच्यासाठी तरी सोडायचं होतं पाणी."

कडूबा त्या ओळीकडे बघत होते. "तुझी आई आसती तर म्हनली आसती, झाडं परत लावता येतेत," ते म्हणाले, आणि उठून मोटरच्या खोक्यापाशी गेले. बटण दाबलं. विहिरीत घरघर झाली. पण ठिबकच्या नळ्यांत पाणी जाईना, कारण कॉक बंद होता. ते हात न लावता बाजूला उभे राहिले.

"तू फिरव," ते म्हणाले.

तिने कॉक धरला, अर्धाच फिरवला. "हलकं सोडते. एकदम दिलं तर झाडाला बाधेल."

"मला शिकव आता," म्हातारा म्हणाला, आणि बांधापलीकडे उभ्या गोकुळला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात पुढे म्हणाला, "आरं गोकुळ, च्या आन रं. सायबीन आल्यात वरून."

गोकुळ चहा घेऊन आला. निघताना त्याने एवढंच म्हटलं, "तनूताई, आता आमाला वाळलेलं दाखव बरं का नकाशात."

"जसं असंल तसं दाखवीन दादा."

"व्हय," गोकुळ म्हणाला. "तसंच दाखवायचं असतंय म्हना."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी एकटीच होते. तनुजा राहिली. पाचव्या दिवशी तिचा मला फोन आला. बागेतूनच बोलत होती, पण लॅपटॉपही जवळ होता. म्हणाली, चौकोन हिरवट व्हायला लागलेत, कडेचे सोडून. कडेचे होणार नाहीत. मग फोनमधून लांबून कडूबांचा आवाज आला, "काय दिसतंय म्हने?" आणि तिचं उत्तर, "तुम्ही दिसता, आबा."

मग ती तिकडचीच झाली. ऑफिसला करमाडहून येते-जाते. शेंद्र्यापर्यंत बसला गर्दी असते म्हणते, पण रोज येते. म्हाताऱ्याला एकटं ठेवायला आता ती तयार नाही. मी तरी काय म्हणणार होते? मी तर सगळ्या गावच्या आयांची भूमिका केलेली बाई. आईने अशा वेळी हसून निरोप द्यायचा असतो, आणि टाळी घेऊन विंगेत गेल्यावर मग पदर डोळ्याला लावायचा. विंगेत आता कुणी नसतं, एवढंच.

सामान न्यायला ती मार्चमध्ये आली. सामान थोडंच होतं. मातीच्या रिकाम्या डब्या, पुस्तकं, शाल. तवा परत द्यायला खाली आली. घासून लख्ख केला होता, तरी वास होताच. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडे. ती म्हणाली, नको, तुमच्याकडेच असू दे, भट्टी परत बिघडेल. मग ती एकटीच गच्चीवर गेली. बराच वेळ खाली आली नाही. मी वर गेले तर कठड्याजवळ चार कुंड्या ठेवत होती. कुठून आणल्या होत्या कुणास ठाऊक. तुळस, मोगरा, गवती चहा आणि एका कुंडीत मोसंबीचं रोप, वीतभर.

"ही कशाला गं? एवढी एवढीशी. तुझ्या उपग्रहाला माझा पदर दिसला नाही."

"वाढतील ना. गच्ची भरली की दिसेल. एक चौकोन हिरवा झाला तरी मला पुरे."

"आणि वाळल्या तर?"

तिने माती बोटांनी दाबून बघितली, सवयीने. ओल आहे का ते. गोकुळ खाली गाडी घेऊन थांबला होता, हॉर्न वाजवत होता. ती जिना उतरली, फाटकापाशी गेली, आणि फाटकाची कडी हातात धरून वळली.

"मावशी, मला बोलवायचं असलं तर झाडं वाळवू नका हं. फोन करा."